पीठ हाताला लागलंच पाहिजे

आधीच सांगून टाकते, ज्या गावात सकाळी आणि संध्याकाळी पदेर, म्हणजे पाववाला, पों पों करत दारात येतो तिथं घरी पाव करायला बसणं म्हणजे शुद्ध खूळ आहे. हे माझं मत नाही, आईचं आहे, आणि महिनाभर ती रोज ऐकवत होती. गोव्यात फोंड्याजवळ बांदिवड्याला आमचं घर, पदेराचा भोंगा वळणावर ऐकू आला की बाबा पिशवी आणि सुटे पैसे घेऊन गेटवर जायचे, ही घरातली पन्नास वर्षांची रीत. एप्रिलमध्ये त्यांच्या शुगरचा रिपोर्ट आला आणि ती मोडली.

डॉक्टर म्हणाले मैदा बंद. म्हणजे उंडो, तो कडक सालीचा गोल पाव, बंद, साधा पाव बंद, बाजारात गेल्यावर हॉटेलातली पातळभाजी-पाव बंद. बाबा निवृत्त मास्तर, शिस्तीचा माणूस, ऐकलं त्यांनी. पण सकाळच्या चहात काहीतरी बुडवायला लागतं हो त्यांना. नाचणीची भाकरी दिली, बुडेना. चपातीची गुंडाळी दिली, ती बुडवली आणि मग कपात खाली बघत बसले काही न बोलता, ते बघवलं नाही मला.

सगळे म्हणाले पोई द्या की, तो आमच्याकडचा चपटा पाव, पोई गव्हाची असते. मलाही तसंच वाटायचं. वरून कोंडा लावलेला असतो, रंग मळकट, आतून पोकळ, बघितल्यावर आपण धरूनच चालतो की हे गहू. म्हणून एक दिवस सरळ पदेरालाच विचारलं. तो हसला आणि म्हणाला, "आतां मैदोच चड, बाय. गंवाचें पीठ थोडें, आनी वयर कोंडो." म्हणजे आता मैदाच जास्त, गव्हाचं पीठ थोडं आणि वरून कोंडा. निदान खरं बोलला. सगळेच तसं करतात असं मी म्हणत नाही, आमच्या पदेरापुरतं सांगतेय.

तर मग मी घरी करायचं ठरवलं. पूर्ण गव्हाचे, मऊ, एकमेकांना चिकटलेले ते डिनर रोल असतात ना, जे पॅनमधून ओळीने सुटतात, तसे. ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन, होता घरात, चार वर्षांपूर्वी लग्नात वहिनीला आला होता, त्यात आजवर दोनदा केक आणि एकदा पापड भाजले होते.

पहिला प्रयत्न जूनच्या पहिल्या रविवारी. इंटरनेटवर एक अमेरिकन रेसिपी मिळाली, तीन कप गव्हाचं पीठ, एक कप दूध, यीस्ट, मध, बटर. कप म्हणजे कोणता कप हे बघायची अक्कल तेव्हा नव्हती, मी आमचा स्टीलचा चहाचा पेला घेतला. पीठ भिजवायला घेतलं तर हाताला चिकटायला लागलं. आता आपल्याला लहानपणापासून काय शिकवलंय, कणीक मळून झाली की परात आणि हात दोन्ही स्वच्छ दिसले पाहिजेत. म्हणून मूठभर पीठ घातलं. परत चिकटलं, परत मूठभर. असं करत करत मस्त घट्ट, गुळगुळीत, चपातीच्या कणकेसारखा गोळा झाला आणि आई पहिल्यांदा कौतुकाने म्हणाली, हां, आता बरं मळलंस.

दोन तास ठेवलं, थोडंसंच फुगलं. म्हटलं ओव्हनमध्ये फुगेल. नाही फुगलं. बाहेर आलं ते काय होतं सांगू, वरून तपकिरी, दिसायला देखणं, आणि ताटात टाकल्यावर ठण्ण आवाज. दादाने एक उचलून खिडकीबाहेर मांजरावर नेम धरला, अर्थात मारला नाही. बाबांनी मात्र एक घेतला, चहात धरून ठेवला, काढला, बघितला, परत धरला. मग म्हणाले, "भिजत नाही गो हा." एवढंच. वाया घालवू नये म्हणून त्याचे तुकडे करून फोडणीला टाकले, ते बरे लागले, पण ते सोडा.

संध्याकाळी पदेर आला तेव्हा मी त्यातला एक कागदात गुंडाळून त्याला दाखवला. लाज कसली त्यात, त्याचा धंदा आहे तो. त्याने आधी वजन बघितलं हातावर, मग नखाने टकटक केलं, मग मोडायचा प्रयत्न केला आणि मोडल्यावर आतला भाग डोळ्याजवळ नेऊन बघितला. पाऊस भुरभुरत होता, त्याचा पांटलो, म्हणजे पावाची टोपली, निळ्या प्लास्टिकने झाकलेला, मागून दोन बायका पाव घ्यायला उभ्या. तो शांतपणे म्हणाला, "उदक उणें पडलां. कोंडो आसा त्या पिठाक उदक चड लागता. पीठ हाताक लागूंक जाय." पाणी कमी पडलंय, कोंडा असलेल्या पिठाला पाणी जास्त लागतं, आणि पीठ हाताला लागलं पाहिजे. मग शेजारच्या काकींना चार उंडे मोजून दिले आणि भोंगा वाजवत गेला.

मी तोपर्यंत दहा व्हिडिओ बघितले होते आणि एकातही कुणी इतकं नेमकं सांगितलं नव्हतं. सांगितलं असेलही, पण आपल्या चपातीच्या हाताला ते कळलं नव्हतं.

यामागचं कारण मग मी शोधून वाचलं, कारण नुसतं सांगितलं म्हणून ऐकणारी मी नव्हे, मास्तराची मुलगी. मैद्यात कोंडा आणि अंकुर काढून टाकलेले असतात. पूर्ण गव्हात ते असतात, आणि कोंड्याचे कण टोकदार, ते मळताना ग्लुटेनचे जे धागे तयार होतात ना, ज्यात हवा अडकून पाव फुगतो, ते कापत जातात. वर परत कोंडा पाणी पितो, पण हळूहळू पितो. म्हणजे मळताना पीठ सैल वाटतं, आणि अर्ध्या तासाने बघावं तर तेच पीठ घट्ट झालेलं. त्यातून आपला आटा चक्कीवर दगडांमध्ये दाबून दळलेला असतो, त्यात पिठातलं स्टार्च जास्त तुटतं आणि ते आणखी पाणी ओढतं. चपाती मऊ होते ती त्यामुळेच. म्हणजे अमेरिकेतल्या पिठाला एक कप दूध पुरत असेल, आपल्या गिरणीच्या पिठाला ते तोंड धुवायलाही पुरत नाही. आणि मी त्यात वरून आणखी पीठ घालत बसले होते.

दुसऱ्या रविवारी वजनकाटा आणला. हे सगळ्यांना सांगते, बाकी काही घेऊ नका पण किचनचा छोटा डिजिटल काटा घ्या, वाट्या-पेल्यांनी पाव होत नाही, झाला तर एकदा होतो आणि परत होत नाही.

त्या दिवशी पाणी भरपूर घातलं, पीठ हाताला लागलं, मी पदेराचं स्मरण करत मळलं. घोळ दुसरीकडेच झाला. रेसिपीत लिहिलं होतं दीड तास उबदार जागी ठेवा. उबदार जागा! जूनमध्ये गोव्यात! आमचं किचन एरवीच तीस डिग्री, त्यात शेगडीवर उकड्या तांदळाची पेज रटरटत होती आणि मी शहाणीने पातेलं नेमकं त्या शेगडीच्या बाजूला ठेवून देवळात गेले. आले तर झाकण वर उचललेलं आणि पीठ पातेल्याच्या काठावरून बाहेर डोकावतंय. खूश झाले मी, फुगलं म्हणून. गोळे केले, परत रेसिपीप्रमाणे एक तास ठेवले. ओव्हनमध्ये घातल्यावर पाच मिनिटांत मधून बसले, जसा फुगा आवाज न करता सुटतो तसे. आणि वास, अगदी सुरेचा, म्हणजे माडीचा. आजी असती तर तिला आवडला असता, ती सांगायची की तिच्या लहानपणी पावाचं पीठ यीस्टने नाही, माडाच्या सुरेने फुगवायचे, रेंदेर माडावर चढून सूर काढायचा आणि ती पदेराकडे जायची, आणि त्या पावाला एक आंबूस गोडी असायची. पोर्तुगीज १५१० मध्ये आले, पावही त्यांच्यामागून आला, इथं त्यांच्या ओळखीचं यीस्ट नाही म्हटल्यावर सूर वापरली. पाव, पदेर, फोर्न म्हणजे भट्टी, हे तिन्ही शब्द त्यांचेच. सासष्टीतल्या माजोर्डा गावात पहिले पदेर तयार झाले असं सांगतात. पण माझ्या पावाला गोडी नव्हती, नुसता आंबूसपणा होता.

यातून एवढं कळलं की घड्याळ बघायचं नाही, पीठ बघायचं. थंड देशातला दीड तास म्हणजे आमच्याकडे जूनमध्ये पाऊण तास, मे महिन्यात त्याहून कमी. आता मी काय करते, पीठ उभट स्टीलच्या डब्यात ठेवते आणि जिथपर्यंत पीठ आहे तिथे बाहेरून रबरबँड लावते, दुप्पट उंचीला दुसरा. पोचलं की पुढचं काम. पूर्ण दुप्पट व्हायच्या जरासं आधीच घेतलेलं बरं, गव्हाच्या पिठात मैद्याइतका जोर नसतो ताणून धरायला. गोळे करून ठेवल्यावर बोट पिठात बुडवून हळूच दाबायचं, खड्डा लगेच भरून आला तर थांबा, सावकाश अर्धा भरला तर ओव्हनमध्ये घाला, आणि भरलाच नाही तर उशीर झालाय, देवाचं नाव घ्या.

तिसऱ्या खेपेची गंमत वेगळीच. त्याआधी आईचा एक कारभार उघडकीला आला. मी गहू गिरणीतून दळून आणलेले, डब्यात भरून ठेवलेले, आणि आई सवयीने रोज लागेल तेवढं चाळणीने चाळून कोंडा गाईला टाकत होती. माझ्या दोन्ही वेळच्या पिठातून तिने कोंडा काढलेला होता! म्हणजे ज्यासाठी हा खटाटोप तेच गाईच्या पोटात. विचारलं तर म्हणाली, "मग, कोंडा खायला घालू माणसांना?" त्यानंतर माझ्या डब्यावर चिकटपट्टी लावून 'चाळू नये' असं लिहिलं. आता ती दुसऱ्या डब्यातला कोंडा थोडा माझ्यासाठी बाजूला ठेवते, तो मी पोईसारखा रोलांच्या बुडाला आणि वरून भुरभुरवते, तेवढाच पदेराला नमस्कार.

तर तिसरी खेप, जुलै, धो धो पाऊस, सगळं काट्यावर मोजलेलं, गोळे सुंदर फुगलेले, ओव्हन तापायला लावला आणि लाईट गेली. पंधरा मिनिटं वाट बघितली. अर्धा तास. रोल फुगतच चाललेत, मला मागच्या वेळचा वास आठवायला लागला. शेवटी वहिनी म्हणाली तव्यावर कर. जाड बुडाच्या कढईत तूप लावलं, सहा गोळे ठेवले, वर झाकण, खाली आधी डोशाचा तवा म्हणजे जाळ थेट लागणार नाही, आणि गॅस अगदी बारीक. बारा-तेरा मिनिटांनी उलटले आणि परत आठ-दहा मिनिटं. बुडाला दोन ठिकाणी काळे डाग पडले, बाजू पांढऱ्याच राहिल्या, पण आतून, आतून ते मऊ होते! पहिल्यांदा मऊ. बाकीचे सहा गोळे फ्रीजमध्ये टाकले, लाईट रात्री नऊला आली तेव्हा भाजले, तेही चालले. बाबांनी कढईतला एक घेतला, चहात बुडवला, आणि तो भिजला. काही बोलले नाहीत, पण दुसरा उचलला.

आता जी पद्धत जमली आहे ती सांगते, चौथ्या खेपेपासून हीच चालू आहे. बारा रोल होतात, नऊ इंची चौकोनी टिनमध्ये चार गुणिले तीन.

एकूण पीठ ४०० ग्रॅम. त्यातलं २५ ग्रॅम आधी बाजूला काढायचं आणि १२५ मिली पाण्यात गुठळ्या न होता कालवून मंद गॅसवर ढवळत राहायचं. दोन-तीन मिनिटांत ते दाट व्हायला लागतं, चमच्याने रेघ ओढली आणि ती मिटेनाशी झाली की उतरवा. बाळाला खिमट करतो ना तसं दिसतं. साधारण ६५ डिग्रीला पिठातलं स्टार्च पाणी धरून ठेवतं आणि मग ते पाणी भाजतानाही सुटत नाही, रोल दुसऱ्या दिवशीपर्यंत मऊ राहतात ते याच्यामुळे. जपानमध्ये आणि चीनमध्ये करतात असं, पाच पट पाण्यात एक पट पीठ. मला हा सगळ्या प्रकारातला सगळ्यात मोठा फरक वाटला, हा न करता तुम्ही कितीही मळा.

दूध २०० मिली, उकळून कोमट केलेलं. आपल्याकडे दूध उकळतोच आपण, आणि इथे ते कामाला येतं, कारण न तापवलेल्या दुधातले काही प्रोटीन पीठ सैल करतात, चांगलं तापवलं की तो त्रास जातो. गूळ ३५ ग्रॅम. मी माडाचा काळा गूळ घेते, चव खोल लागते, पण एकदा तो गरम दुधातच टाकला आणि दूध फाटलं, म्हणून आता गूळ त्या शिजवलेल्या खिमटातच गरम असताना विरघळवते आणि दूध मागाहून. बाबांची शुगर असताना गूळ कशाला असं विचाराल तर बारा रोलांत वाटला की एकाला तीन ग्रॅमही येत नाही. आणि खरं सांगायचं तर गव्हाचा पाव म्हणून शुगर वाढत नाही असं काही नाही, मोजूनच खायचा, डॉक्टरांनी दोन सांगितलेत.

हे सगळं बोट घालून सोसेल इतकं कोमट झालं की बाकीचं ३७५ ग्रॅम पीठ त्यात कालवून, मळायचं नाही, नुसतं ओलं करून चाळीस मिनिटं झाकून ठेवायचं. यीस्ट नाही, मीठ नाही, काही नाही. कोंड्याला पाणी पिऊ द्यायचं. ही पायरी आळशी माणसाची आहे, तुम्ही टीव्ही बघा, पीठ आपलं आपण अर्धं मळून घेतं. चाळीस मिनिटांनी बोटाने ओढून बघा, आधी तुटत होतं ते आता ताणतं.

मग इन्स्टंट यीस्ट ६ ग्रॅम, मीठ ७ ग्रॅम. यीस्ट फ्रीजमध्ये दोन वर्षं पडलेली असेल तर आधी कोमट पाण्यात चिमूटभर साखरेबरोबर टाकून दहा मिनिटं बघा, फेस आला नाही तर फेकून द्या, पीठ वाया घालवू नका. आणि पाणी कढत नको, साठ डिग्रीच्या पाण्यात यीस्ट मरते.

आता मळणं. इथे जरा थांबते, कारण सगळं इथेच आहे. ओट्यावर पीठ भुरभुरवायचं नाही. अजिबात नाही, हात बांधून ठेवा हवं तर. पीठ ओट्यावर टाकल्यावर ते शेणासारखं पसरतं, हाताला, बोटांच्या बेचक्यांना, बांगड्यांना लागतं, पहिली चार मिनिटं वाटतं की बिघडलं, नक्कीच बिघडलं. दोन्ही हातांनी खालून उचलायचं, ओट्यावर आपटायचं, आपल्याकडे ओढून पुढे दुमडायचं. उचल, आपट, दुमड. शेजारच्या काकींनी एकदा खिडकीतून विचारलं, कपडे धुतेस काय गो? पाच-सहा मिनिटांनी एक क्षण असा येतो की ओट्यावर मागे राहणारं पीठ गोळ्याबरोबर उचललं जायला लागतं, ओटा आपोआप स्वच्छ होत जातो, आणि गोळ्याचा आवाज बदलतो, आधी फच्च व्हायचा तो थप्प होतो. हाताला अजून लागतंच, पण सुटतं. तेव्हा ४० ग्रॅम मऊ लोणी थोडं थोडं घालायचं. लोणी घातलं की परत सगळं विस्कटतं आणि मन खचतं, पण अजून चार मिनिटांत परत जमतं आणि यावेळी रेशमासारखं. मैद्यासारखा पातळ पारदर्शक पडदा निघेल अशी आशा ठेवू नका, कोंड्याच्या ठिपक्यांपाशी तो फाटणारच, पण फाटण्याआधी ताणला पाहिजे. ३७५ ग्रॅमला एवढं दूध जास्त वाटलं तर तुमचं पीठ पावसात ओल धरलेलं असेल, मी जुलैत दूध दोन चमचे कमी घेते. कोरड्या दिवसांत उलट, दोन-तीन चमचे जास्तच लागतं.

डब्यात ठेवा, फुगू द्या, ते वर सांगितलंच.

फुगल्यावर बाहेर काढून बारा भाग, प्रत्येकी ६५ ग्रॅमच्या आसपास. गोळा करताना मोदकासारखं करायचं, म्हणजे कडा सगळ्या मध्ये गोळा करून चिमटायच्या, मोदकाचं नाक जिथे येतं ती बाजू खाली ओट्यावर, आणि वर हाताची पोकळ वाटी करून गोल गोल फिरवायचं. ओटा जरासा कोरडा-चिकट असला पाहिजे, तेल लावलेल्या ओट्यावर गोळा नुसता घसरतो. बरोबर जमलं की वरची त्वचा तट्ट ताणली जाते, बाळाच्या पोटासारखी. वहिनीचे गोळे माझ्यापेक्षा चांगले होतात, तिचा मोदकांचा हात आहे, चवथीला एकवीस ती एकटी वळते.

टिनमध्ये एकमेकांपासून बोटभर अंतर. फुगून एकमेकांना टेकले की वरून दूध लावायचं आणि १८० डिग्रीला तापलेल्या ओव्हनमध्ये मधल्या कप्प्यात, वरच्या-खालच्या दोन्ही सळ्या चालू, बावीस ते पंचवीस मिनिटं. आमचा ओटीजी वरून भाजायला उतावीळ आहे, पंधराव्या मिनिटाला फॉइल झाकावी लागते. झालेत का हे बघायला वहिनीने स्वयंपाकाचा थर्मामीटर आणला, मधल्या रोलच्या पोटात खुपसून ९० डिग्री दाखवला की बास. तो नसेल तर मधलाच एक रोल बाजूने जरा ओढून बघा, आतलं ओलसर दोरीसारखं दिसतंय का कोरडं धाग्यासारखं.

बाहेर काढल्या काढल्या वर लोणी फिरवायचं आणि जुन्या सुती साडीच्या तुकड्याने झाकून ठेवायचं. ही झाकायची गोष्ट विसरलात तर वरची कड कडक होते, उंड्यासारखी, मग डिनर रोल म्हणू नका त्याला. आणि दहा मिनिटं तरी हात लावू नका, हे मी सांगते पण आमच्याकडे कुणी ऐकत नाही. पहिले दोन रोल ओढून वेगळे केले ना, तर मधून धागे निघतात, बारीक बारीक, कापसासारखे, आणि वाफेबरोबर गूळ, लोणी, भाजलेला गहू सगळ्यांचा मिळून वास. पहिल्या वेळी ते धागे निघाले तेव्हा मी सगळ्यांना किचनमध्ये बोलावलं, दादा मोबाईलवर मॅच बघत होता तोही आला.

मैद्याइतके हलके होतात का? नाही. कुणी होतात म्हणालं तर त्यात मैदा आहे किंवा ग्लुटेनची पावडर वेगळी घातलीय. ती ऑनलाइन मिळते, मी एकदा एक चमचा घालून बघितली, फुगले जास्त पण चघळायला जरा रबरी झाले, परत नाही घातली. हे रोल थोडे जड, थोडे गोडसर, आणि दोन खाल्ले की पोट भरतं. अळसांद्यांच्या तोंडाकाबरोबर, म्हणजे चवळीच्या रश्शाबरोबर, तर फार म्हणजे फार चांगले लागतात, नारळाचा दाट रस त्या मऊ भागात शिरतो.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मऊ राहतात, मग जरा बसतात. फ्रीजमध्ये ठेवू नका, फ्रीजमध्ये पाव लवकर शिळा होतो, एक तर बाहेर डब्यात किंवा सरळ फ्रीझरमध्ये. गरम करायला मायक्रोवेव्ह नको, चामडं होतं. आईने शोधलेली युक्ती, मोदकपात्रात दोन मिनिटं वाफ. परत ताजे. हो, तीच आई.

परवा शनिवारी मी दोन टिन केल्या, कारण म्हापशाची आते येणार होती. ओटीजीत एका वेळी एकच टिन मावते म्हणून दुसऱ्या टिनचे गोळे अर्धा तास फ्रीजमध्ये थांबवले, थंडीत फुगणं मंदावतं. आतेने एक मोडून बघितला, वास घेतला आणि म्हणाली, "बरा झालाय गो, पण ही पोई न्हय." मी म्हटलं नाहीच आहे. पदेरालाही चार दिले, त्याने तिथेच सायकल धरून उभ्या उभ्या एक खाल्ला, तीन पांटल्याच्या कोपऱ्यात ठेवले घरी न्यायला, आणि विचारलं की यीस्ट किती घातली. सांगितली. म्हणाला थोडी कमी घाल, आणि रात्रभर ठेव. ते या रविवारी करून बघणार आहे.

बाबा सकाळी दोन खातात. तिसरा आई डब्यातच ठेवते आणि डबा फ्रीजच्या वर, आणि बाबांची उंची, मी आजवर कधी लक्ष दिलं नव्हतं, फ्रीजच्या वर अगदी आरामात पोचते.